दोन प्रती, दोन कामे : झेब्राफिशच्या भ्रूणातील जनुकांची वाटणी

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मानवात जेथे एक जनुक असते, तेथे झेब्राफिश या लहान पट्टेदार माशात पुष्कळदा दोन असतात, असे वाचनात आले. एका प्रतीने काम भागत असताना दुसरी टिकून का राहते? आणि एवढ्याशा भ्रूणात कोणती प्रत कोठे काम करते, हे कसे पाहतात?

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात दडलेले आहे. दोन प्रती केवळ डीएनएच्या अक्षरांवरून ताडून पाहिल्या, तर त्या एकमेकींच्या नकला वाटतात. परंतु भ्रूणाच्या वाढीत त्या केव्हा आणि कोठे जाग्या होतात हे पाहिले की त्यांचे वेगळेपण लक्षात येते.

झेब्राफिशच्या पूर्वजात, सुमारे ३० ते ३५ कोटी वर्षांपूर्वी, संपूर्ण जनुकसंच दुप्पट झाला. ही घटना टेलिऑस्ट या विशाल मत्स्यगटाच्या उगमापाशी घडल्यामुळे आपल्या ओळखीच्या रोहू आणि बांगड्यालाही तिचा वारसा मिळालेला आहे. दुप्पट झालेल्या प्रतींपैकी बहुतेक कालौघात निकामी होऊन नाहीशा झाल्या. शरीराचा डोक्यापासून शेपटीपर्यंतचा आराखडा ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांचे उदाहरण घ्या. मानवात त्यांचे चार समूह असून त्यांत एकूण ३९ जनुके आहेत. झेब्राफिशमध्ये सात समूह उरले असून त्यांतील जनुकांची संख्या पन्नासच्या जवळपास आहे. म्हणजे समूह जवळजवळ दुप्पट असले, तरी जनुके तेवढी नाहीत.

मग काही प्रतीच का उरल्या? अ‍ॅलन फोर्स, मायकेल लिंच, जॉन पोस्टलेथवेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये याचे जे स्पष्टीकरण मांडले, ते मला आजही अतिशय सुंदर वाटते. एकच जनुक अनेक अवयवांत वापरले जाते आणि प्रत्येक अवयवात ते सुरू करणारा डीएनएचा तुकडा बहुधा वेगळा असतो. एका प्रतीतील मेंदूसाठीचा तुकडा बिघडला आणि दुसरीतील परासाठीचा, म्हणजे माशाच्या पोहण्याच्या अवयवासाठीचा, बिघडला, तर दोघींपैकी एकीलाही गमावणे परवडत नाही, कारण मूळ जनुकाचे पूर्ण काम आता दोघी मिळूनच करतात. त्यांनी दिलेले उदाहरण एन्ग्रेल्ड-१ या जनुकाचे होते. उंदरात हे जनुक पायाच्या अंकुरातही कार्यरत असते आणि पश्चमस्तिष्क (मेंदूचा मागचा भाग) व मज्जारज्जू यांतील ठरावीक चेतापेशींतही. झेब्राफिशमध्ये त्याची एक प्रत छातीजवळच्या पराच्या अंकुरात व्यक्त होते, म्हणजे कार्यरत होते, तर दुसरी त्या चेतापेशींत.

वाटणी नेहमी एवढी सरळ नसते. उंदरात पश्चमस्तिष्काच्या जडणघडणीतील सुरुवातीचे काम हॉक्स-ए१ करते. त्यानंतर मेंदूच्या त्या भागातील चौथ्या खंडाची ओळख टिकवण्याचे काम हॉक्स-बी१ सांभाळते. झेब्राफिशमध्ये ही दोन्ही कामे हॉक्स-बी१च्याच दोन वंशजांकडे आली आहेत. हॉक्स-बी१-बी हे भ्रूणाचे थर घडत असतानाच व्यक्त होते, तर हॉक्स-बी१-ए त्यानंतर चौथ्या खंडात दीर्घकाळ टिकून राहते. हे दुसरे जनुक नसेल, तर चेहऱ्याच्या स्नायूंना चेतना देणाऱ्या पेशी चौथ्या खंडातून मागे सरकून आपल्या जागी पोहोचत नाहीत. एका चुलत घराचे काम दुसऱ्या घराने उचलावे, तसे हे झाले आहे. म्हणूनच केवळ नावावरून जनुकाचे कार्य ठरवू नये.

आता पाहण्याची पद्धत. झेब्राफिशचे अंडे जेमतेम ०.७ मिलिमीटरचे आणि पारदर्शक असते, शिवाय ते आईच्या शरीराबाहेर वाढते. साडेअठ्ठावीस अंश सेल्सिअस तापमानात फलनानंतर सुमारे पाऊण तासाने पहिले पेशीविभाजन होते आणि पुढची विभाजने दर पंधरा मिनिटांच्या आसपास होत जातात. पहिले तीनेक तास भ्रूण मुख्यतः आईने अंड्यात भरून ठेवलेल्या आरएनएवर (जनुक सुरू झाल्यावर त्यावरून उतरणाऱ्या संदेशावर) चालतो आणि त्यानंतर त्याची स्वतःची जनुके मोठ्या प्रमाणावर सुरू होतात. म्हणून अभिव्यक्तीचा, म्हणजे जनुक केव्हा व कोठे सुरू होते याचा, अभ्यास करताना वेगवेगळ्या तासांचे भ्रूण घेऊन ते रसायनात स्थिर करतात. त्यांत हव्या त्या जनुकाच्या आरएनएला नेमका चिकटणारा पूरक आरएनएचा तुकडा सोडतात. त्याला जोडलेली खूण प्रतिपिंडाने ओळखली जाते आणि प्रतिपिंडावरील विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेने तेथे जांभळट निळा रंग उमटतो. या पद्धतीला इन सिटू हायब्रिडायझेशन म्हणतात. जुळ्या जनुकांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते, कारण तुकडा दोघींत सारख्या असलेल्या भागातून निवडला, तर तो दोन्ही प्रतींना चिकटतो आणि आपण जो फरक शोधत आहोत तोच पुसला जातो.

प्रश्न : रंग उमटला म्हणजे ते जनुक तेथे आवश्यक आहे, असे म्हणता येईल का?

उत्तर : नाही. रंगावरून आरएनएची उपस्थिती कळते. आवश्यकता ठरवण्यासाठी जनुक निकामी करून पाहावे लागते, आणि जनुककुटुंबात तेवढ्यानेही भागत नाही, कारण एक प्रत गेली की दुसरी तिची उणीव अंशतः भरून काढू शकते. नील शुबिन यांच्या शिकागो येथील गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हॉक्स-ए१३च्या दोन्ही प्रती एकाच माशात निकामी केल्या, तेव्हा पराचे लांब किरण फारच खुंटले आणि पराच्या मुळाशी असलेल्या लहान हाडांची संख्या मात्र वाढली. आपल्या बोटांच्या घडणीत ज्यांचा वाटा आहे, त्याच कुटुंबातील ही जनुके आहेत.

प्रश्न : विद्यार्थ्यांना यातले काही दाखवता येईल का?

उत्तर : रंगाची प्रक्रिया प्रयोगशाळेतच करावी लागते, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था येथे या माशावर संशोधन चालते. मात्र भ्रूणाची वाढ वर्गातही पाहता येते. नर-मादी ठेवलेल्या टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्या पसराव्यात, म्हणजे मोठे मासे अंडी खाऊन टाकत नाहीत. सकाळी उजेड झाल्यावर थोड्याच वेळात अंडी मिळतात. ती स्वच्छ पाण्यात ठेवून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर त्याच सकाळी पेशींची विभाजने मोजता येतात आणि दुसऱ्या दिवशी धडधडणारे हृदय दिसते.