शेतात शंखी गोगलगायी झाल्यात, मीठ टाकू की विषाच्या गोळ्या?

मीठ नको. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं वाचायचा तुम्हाला कंटाळा येईल. मिठाने गोगलगाय मरते, डोळ्यासमोर फेस येऊन मरते, पण पाऊस आला की ते मीठ तुमच्याच मातीत मुरतं आणि मग गोगलगायी गेल्या तरी त्या पट्ट्यात रोप धरत नाही. मीठ वापरायचंच असेल तर बादलीतल्या पाण्यात वापरा, आणि ते पाणी पुन्हा शेतात ओतू नका.

आता गोळ्यांचं. तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात ‘वेचून कुठे संपणारेत का, गोळ्या टाका आणि मोकळे व्हा’. ह्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसलेय, कारण हेच वाक्य माझ्या धाकट्या दिरांनी मला बांधावर उभं राहून ऐकवलं होतं, आणि वर हसले होते.

आमची जमीन एकाला एक लागून आहे, मध्ये फक्त बांध. वाटणी झाली तेव्हा पपईचा तुकडा आमच्याकडे आला आणि वरचा त्यांच्याकडे. पहिल्या वर्षी गोगलगायी दिसल्या त्या पपईत. सकाळी जाऊन बघावं तर रोपाची साल खालून गोल सोललेली, वरची पानं हिरवी, आणि दोन दिवसांनी रोप आडवं. मला आधी उंदीर वाटले. मग एका रात्री बॅटरी घेऊन गेले आणि जे बघितलं त्याने अंगावर काटा आला, प्रत्येक रोपाला पाच-सहा, तळहाताएवढ्या, आणि बांधाच्या दगडांवर तर एकमेकींवर चढलेल्या. लोक त्यांना बिचारी, हळू चालणारी समजतात. जुन्या लोकांनी ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ म्हणून ठेवलंय ते उगाच नाही.

ही आपल्याकडची गोगलगाय नव्हेच. मूळची पूर्व आफ्रिकेतली, माणसांनी जगभर फिरवलेली. १८४७ साली मॉरिशसहून कोलकात्याला कुणा हौशी साहेबाने आणली आणि बागेत सोडली, तिथून पसरली. एका वेळी १०० ते ४०० अंडी घालते, वर्षातून अनेकदा घालते, एकीतच नर आणि मादी दोन्ही असल्यामुळे दोघी भेटल्या की दोघीही अंडी घालू शकतात, आणि एकदा जुगल्यावर पुढे कित्येक महिने परत जुगायची गरजही पडत नाही. कोरड्या दिवसांत शंखाचं तोंड पडद्याने बंद करून मातीत पडून राहते, तुम्हाला वाटतं संपल्या, आणि पहिल्या पावसाला सगळ्या एकदम बाहेर. पाचशेच्या वर प्रकारच्या वनस्पती खाते, शंखाला चुना लागतो म्हणून घराच्या भिंतीचा गिलावासुद्धा चाटते.

तर मी ठरवलं वेचायच्या. सासूबाई, मी आणि दोन्ही मुलं. संध्याकाळी ओली गोणपाटं आणि कोबीची पानं रांगेने टाकून ठेवायची, काळोख पडल्यावर एक फेरी, पहाटे उजाडायच्या आत दुसरी. पहिल्या रात्री नऊ बादल्या निघाल्या. नऊ! मुलं कॅलेंडरच्या मागे आकडा लिहायची. दुसऱ्या रात्री सात, मग परत आठ, मग पाऊस लागला तेव्हा अकरा. आणि तिकडे भावोजी बांधावर उभे. ‘वहिनी, तुम्ही रात्रभर वेचा, त्या दिवसभर पोरं घालतील.’ मी म्हणलं तुम्ही तुमच्या बाजूला वेचा, मग बघू कोण जास्त घालतंय. कारण खरी अडचण तीच होती. मी माझं रान साफ करायची आणि रात्री त्यांच्या रानातल्या बांध ओलांडून येणार, गोगलगायीला वाटणी कुठे कळते!

मी त्यांना फ्लोरिडाची गोष्टसुद्धा सांगितली. १९६६ साली एक मुलगा हवाई बेटांवरून मायामीला येताना तीन गोगलगायी घेऊन आला, फक्त तीन, आजीने त्या बागेत सोडल्या, आणि सात वर्षांत तिथे १८,००० च्या वर सापडल्या. त्या संपवायला जवळपास दहा वर्षं आणि दहा लाख डॉलर लागले, १९७५ ला संपल्या असं जाहीर केलं. २०११ ला परत निघाल्या, त्या वेळी वास काढणारी कुत्रीसुद्धा कामाला लावली, १,६८,००० च्या वर गोगलगायी गोळा केल्या, २०२१ ला पुन्हा संपल्या म्हणून जाहीर केलं आणि २०२२ ला दुसऱ्या भागात परत सापडल्या. मला म्हणायचं होतं की घरोघर, बागोबाग सगळ्यांनी एकदम केलं तर ह्या खरंच संपतात, निदान तेवढ्या भागातून. भावोजी म्हणाले, ‘त्यांच्याकडे सरकार होतं वहिनी, आपल्याकडे तुम्ही आहात.’ तेव्हा मला राग आला होता, आता लिहिताना हसू येतंय.

बरं, आमचं ठरलं होतं की गोळ्या टाकायच्या नाहीत. सगळ्यांसमोर हो म्हणाले होते. आणि एका रात्री आम्ही झोपल्यावर त्यांनी आख्ख्या बांधाला गोळ्या टाकल्या, त्याही पसरून नाही, मुठी-मुठीचे ढीग घालून. पोटात पाय म्हणाले ना मी, ते गोगलगायीलाच लागू पडतं असं नाही.

सकाळी बांधावर शंभरेक गोगलगायी आडव्या, चिकट पाणी सोडून पडलेल्या. भावोजी खुश. मला बोलवून दाखवलं. दुपारी पाऊस झाला आणि त्यातल्या निम्म्या उठून चालायला लागल्या! खोटं नाही सांगत. त्या गोळ्यांत मेटाल्डिहाइड असतं, ते गोगलगायीचं पाणी काढून तिला लुळी पाडतं, वरून ऊन पडलं तर ती सुकून मरते पण ओल मिळाली तर बऱ्याच परत सावरतात. म्हणजे ज्या पावसात गोगलगायी बाहेर येतात त्याच पावसात औषध अर्धं वाया.

पण ते काहीच नाही. मोती होता भावोजींचा, कुत्रा. त्यांच्या पायाशी झोपायचा, आमच्याकडे फक्त खायला यायचा. त्या गोळ्यांना धान्याचा बेस असतो, कुत्र्याला खाऊ वाटतो, आणि ढीग घातलेला म्हणजे ताटच वाढलेलं. संध्याकाळी तो थरथरायला लागला, मग झटके, तोंडाला फेस, अंग तव्यासारखं तापलेलं, भांडं पडलं तरी त्या आवाजाने उडायचा. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘गोगलगायींच्या गोळ्या टाकल्यात का कुठे?’ उलटीत त्या गोळ्यांचे निळे कण होते. ह्या विषाला उतारा नाही, झटके थांबवायचे, अंग थंड ठेवायचं आणि वाट बघायची, लवकर नेलं तर वाचतातही. आम्हाला उशीर झाला होता. पहाटे गेला.

भावोजी आजही म्हणतात त्याला पान लागलं असेल, म्हणजे साप चावला असेल. मी एकदा भांडणात सगळ्यांदेखत बोलून बसले की तुमच्या गोळ्यांनी गेला, ते बोलायला नको होतं. पण चूक तर नव्हते ना मी? ब्रिटनमध्ये तर २०२२ पासून उघड्यावर मेटाल्डिहाइड वापरायलाच बंदी आहे, पक्षी आणि इतर जनावरांना धोका म्हणून.

गोळ्याच टाकायच्या असतील तर आयर्न फॉस्फेटवाल्या बघा. त्यात कुत्र्यामांजरांना धोका खूपच कमी असतो, पण त्याने गोगलगाय जागेवर मरत नाही, खाणं बंद करते, कुठेतरी लपते आणि चार-सहा दिवसांत मरते. मेलेली दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं औषध खोटं आहे आणि ते परत जुन्या गोळ्या आणतात. प्रेतं बघितल्याशिवाय समाधान होत नाही माणसाचं. आणि कुठल्याही गोळ्या असोत, ढीग घालू नका, विरळ पसरा.

तुम्ही बदकांचंही विचारलंय. लहान गोगलगायी आणि गोगलगायींची पिल्लं बदकं खातात, दक्षिण आफ्रिकेत एका द्राक्षमळ्यात हजारावर बदकं रोज रांगेने सोडतात ह्याच कामाला. पण तिथल्या गोगलगायी छोट्या, ही मोठी शंखवाली त्यांच्या गळ्यात जायची नाही, आणि कोवळी रोपं असतील तर गोगलगायीच्या आधी बदकंच फस्त करतील.

मोती गेल्यानंतर भावोजींनी नवीन शोध लावला, कुठल्यातरी व्हिडिओत गोगलगायी खाणारी गोगलगाय बघितली म्हणे. ती खरी आहे, अमेरिकेतली. १९५५ मध्ये हवाईत आणून सोडली ह्याच आफ्रिकन गोगलगायींना मारायला, तिने ह्यांना सोडून तिथल्या छोट्या स्थानिक गोगलगायी खाल्ल्या. मोरेआ बेटावर १९७७ ला सोडली आणि दहा वर्षांत तिथल्या पार्टुला नावाच्या गोगलगायी रानातून पार संपल्या, प्राणिसंग्रहालयांत डब्यांत जपलेल्या तेवढ्या राहिल्या. आफ्रिकन गोगलगाय मजेत. हे ऐकल्यावर भावोजी पहिल्यांदा काही बोलले नाहीत.

आणि पुढच्या वर्षी पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी आले, हातात बादली, डोक्याला बॅटरी, आणि एक शब्द न बोलता त्यांच्या बाजूने वेचायला लागले. मीही काही बोलले नाही. शेजारची अजून चार घरं त्याच आठवड्यात उतरली. माझ्या मते सगळं ह्याच आठवड्यात आहे. पहिल्या पावसाला जी बाहेर येते तिने अजून त्या हंगामातली अंडी घातलेली नसतात, तेव्हा एक वेचली म्हणजे पुढच्या शेकडो वेचल्या. महिन्याभराने जागं होऊन वेचत बसलात तर भावोजी म्हणाले तेच खरं होतं, पोरं घालतच राहतात. त्या वर्षी पहिल्या रात्री आमच्या सहा बादल्या, पाचव्या आठवड्यात अर्धी. त्याच्या पुढच्या वर्षी अख्ख्या हंगामात मिळून चार. कॅलेंडरं ठेवलीत मी, कुणाला बघायची असतील तर. म्हणजे भावोजींना.

अंडी विसरू नका. बांधाचे दगड, पालापाचोळ्याचे ढीग, सावलीतली ओली भुसभुशीत माती, दोन बोटं उकरलं की साबुदाण्यासारखे पिवळट पांढरे गोळे लागतात. ते चिरडायचे. वेचलेल्या गोगलगायी साबणाच्या दाट पाण्यात बुडवायच्या आणि मेल्यावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायच्या. रिकामे शंख बांधावर फेकू नका, त्यात पाणी साचून डास होतात. आम्ही पहिल्या वर्षी फेकले होते.

अरे हो, हातमोजे! हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं. ह्या गोगलगायींत उंदरांकडून आलेला एक जंत असू शकतो, तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. उघड्या हाताने धरू नका, मुलांना तर अजिबात नाही, आणि हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका, शेतातली पालेभाजी नीट धुऊन घ्या. माझ्या मुलांनी पहिले चार दिवस उघड्या हातांनी वेचल्या, काही झालं नाही, पण नंतर हे कळल्यावर माझी झोप उडाली होती.

अजून एक, सगळ्याच गोगलगायी मारत सुटू नका. लांबट, टोकदार, तपकिरी पट्ट्यांचा मोठा शंख असेल तीच ही. छोट्या चपट्या स्थानिक असतात, त्यांना राहू द्या. काही देशांत ही दिसली की आधी शेतकी खात्याला कळवावं लागतं आणि तिथली माती किंवा रोपं हलवायला मनाई असते, तुमच्याकडे काय नियम आहे बघून घ्या. आणि तुमचं रान फार मोठं असेल, वेचायला माणसं नसतील, तर माझं सगळं ऐकू नका, आमचं हे चार-पाच तुकड्यांचं आहे. तिथे कडेच्या पट्ट्यात वेचा आणि मध्ये आयर्न फॉस्फेट, असं काहीतरी जमवावं लागेल.

त्या आल्या कुठून ह्यावरून आमच्याकडे अजून वाद आहे. भावोजी म्हणतात वहिनींनी रोपवाटिकेतून पपईची रोपं आणली त्यातून आल्या, मी म्हणते तुम्ही बांधाला दगड आणलेत त्यातून आल्या. तुम्ही बाहेरून रोपं आणत असाल तर लावायच्या आधी एक पिशवी फोडून माती चाळून बघा. मी एक फोडली होती, लावून झाल्यावर, उरलेली. त्यात सात-आठ पिवळट गोळे होते, मला तेव्हा खताचे दाणे वाटले. भावोजींना हे अजून सांगितलेलं नाही, ते इथे येत नाहीत म्हणून लिहिलं.