बीप तर सगळीकडंच येतो, खणायचं कुठं?

यावेळी मेटल डिटेक्टरबद्दलची पत्रं बरीच आलीत, आणि सगळ्यांची अडचण फिरून फिरून तीच आहे, मशीन वाजतं पण वाजलेलं खणावं की सोडावं तेच कळत नाही. त्यातली चार घेतो.

प्रश्न: सर, आमचं शेत खानापूर तालुक्यात आहे. रोप लावताना वहिनींचं मंगळसूत्र तुटून चिखलात पडलं, वाट्या आणि चेन दोन्ही गेलं. चुलतभावानं ऑनलाइन डिटेक्टर मागवला पण पाऊल टाकलं की बीप, आकडा घडीत १५ तर घडीत ८५. खणलं की खिळा नाहीतर तांबडा खडा. काय करू?

उत्तर: दादा, आधी खणणं थांबवा आणि तो वाफा तसाच ठेवा, त्यात परत रोटर किंवा नांगर अजिबात घालू नका, कारण आत्ता जिन्नस जिथं पडलाय तिथंच आहे, एकदा रोटर फिरला की तो तुटून वाफाभर पसरणार. चिखलणी केलेल्या वाफ्यात खाली घट्ट थर असतो, त्यामुळं सोनं फार खोल जात नाही, वीतभराच्या आतच असतं, म्हणजे साध्या मशीनच्याही आवाक्यात आहे.

आता तांबड्या खड्यांचं. तुमच्याकडं जांभा, त्यात लोहाचं प्रमाण भरपूर, मशीनला ती मातीच धातूसारखी वाटते. म्हणून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज सोडून द्यायला मशीनला शिकवणं, त्याच वाफ्यात करा, घरच्या अंगणात करून नेलेला चालत नाही. जिथं काही वाजत नाही अशी जागा बघून कॉइल, म्हणजे मशीनची खालची तबकडी, जमिनीजवळून वर-खाली करत राहायचं, आवाज शांत होईपर्यंत. त्यानंतर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीन किती बारीक ऐकतं ते, थोडी उतरवा. फुल ठेवली की मशीन लांबचं ऐकेल असं वाटतं पण जांभ्यात ते फक्त बडबड करतं आणि त्या बडबडीत खरा सिग्नल बुडतो.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, स्क्रीनवरच्या आकड्यावर (लोखंड खाली, सोनं मध्ये, तांबं-चांदी वर) विश्वास ठेवायच्या आधी तुमच्या मशीनला सोनं काय वाजतं ते ऐकून घ्या. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तशाच वाट्या मागून घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीला लांब दोरा बांधा आणि त्याच शेतात चार बोटं खाली ठेवून वरून कॉइल फिरवा. आला तो आकडा लिहून ठेवा. मग चेन एकटी ठेवून बघा, तुम्हाला नवल वाटेल. चेनचा आवाज अगदी मरगळलेला येतो कारण मशीनला अख्खी चेन दिसत नाही, एकेक कडी सुटी दिसते, म्हणून आकडा पार खाली, गोळ्यांच्या स्ट्रिपच्या फॉइलजवळ जातो. तुटलेल्या अंगठीचंही तेच, गोल अखंड असेल तर आकडा वर, गोल उघडला की खाली.

म्हणून तुमच्यासाठी नियम उलटा आहे. खणण्यालायक म्हणजे मोठा गोड आवाज असं लोक सांगतात, ते तांब्या-चांदीच्या नाण्यांसाठी ठीक आहे, हरवलेल्या सोन्याला लागू नाही. सोनं मधल्या आकड्यांत येतं आणि तिथंच अॅल्युमिनियमचा सगळा कचरा पण येतो, दोन्हीत फरक करणारं साधं मशीन नाही. तेव्हा डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूचा आवाज गाळणं, फक्त लोखंडापुरतं ठेवा आणि लोखंडाच्या वरचं, कितीही बारीक असलं तरी, जे परत परत वाजतं ते खणा. होय, फॉइल निघेल, औषधाच्या बाटलीच्या टोपणाचं सील निघेल, निघू दे. वाफा एकच आहे आणि त्यातलं मंगळसूत्र वहिनींचं आहे, इथं कंटाळा करायचा नाही. वाफ्यात सुतळीनं पट्टे पाडा, रोपं उभी असतील तर दोन ओळींतून सावकाश चालत जा आणि कॉइल झपाझप हलवू नका, जवळ खिळा असला तर त्याच्या आवाजाखाली बारीक वाटी झाकून जाते, हळू फिरवलं तरच सुटी ऐकू येते. वाटी मिळाली की थांबू नका, चेन तिथंच आसपास असेल.

प्रश्न: निपाणीजवळ आमच्या जुन्या वाड्याची पडकी जागा आहे, स्वतःचीच. जुनी नाणी मिळतील म्हणून शोधतोय पण जागेत लोखंडच लोखंड. ८० च्या वरचे सिग्नल पण गंजके पत्रेच निघतात, मग आकड्याचा उपयोग काय?

उत्तर: उपयोग आहे, पण आकडा एकट्यानं साक्ष देत नाही. गंजलेला पत्रा आणि मोठं चपटं लोखंड आकडा वर ढकलतं, हे सगळ्याच मशीनचं आहे. तीन गोष्टी करा. सिग्नल आला की ९० अंशात वळून परत फिरवा, नाणं गोल असल्यामुळं दोन्हीकडून जवळपास सारखं वाजतं, खिळा एका बाजूनं छान वाजतो आणि दुसऱ्या बाजूनं कुरकुरतो. मग कॉइल हळूहळू बाजूला सरकवत न्या, कडेला गेल्यावर आकडा धपकन लोखंडावर उतरला तर ते बाटलीचं पत्र्याचं बूच किंवा पत्रा समजा. शेवटी कॉइल फूटभर वर उचला, तरीही जोरात वाजत असेल तर ती वस्तू नाण्यापेक्षा खूप मोठी आहे.

तुमच्या भागात मिळणारी शिवराई, कंपनी सरकारचे तांब्याचे पैसे, १९४३ ते ४७ चा भोकाचा पैसा, हे सगळे वरच्या आकड्यांत स्वच्छ वाजतात, चांदीचा रुपया तर आणखी वर. पण १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो, तो बऱ्याचदा लोखंड म्हणूनच वाजतो, त्याच्यासाठी वेळ घालवायची गरज नाही. माझं मत विचाराल तर वाड्याच्या उंबऱ्याजवळची आणि परसातल्या वाटेवरची जागा आधी बघा, जिथं माणसं बसली-उठली तिथं पैसे पडतात, आणि तिथं थोडा डळमळीत सिग्नल असला तरी खणा. जागा तुमची असली तरी पुरून ठेवलेलं मोलाचं काही निघालं तर ते आपोआप तुमचं होत नाही, कर्नाटकात त्यासाठी १९६२ चा ट्रेझर ट्रोव्ह (गुप्तधन) कायदा आहे, डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसला लेखी कळवायचं. भांडं निघालं तर ते उपसू नका, आहे तसं ठेवा, फोटो काढा आणि कळवा. कशाच्या बाजूला काय होतं यातूनच त्याचा काळ कळतो आणि एकदा उपसलं की ती माहिती कायमची गेली.

प्रश्न: एका जुन्या देवळामागं खूप खोल आणि एकदम पक्का सिग्नल आहे. मित्रानं एक माणूस आणलाय, त्याचं मशीन २० फूट खोलचं सोनं दाखवतं म्हणे. अमावास्येला खणायचं म्हणतायत.

उत्तर: हा सिग्नल खणायचा नाही, तो कितीही पक्का असो. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणं १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानं गुन्हा आहे आणि देऊळ संरक्षित नसलं तरी ती जागा तुमची नाही. हलशी-देगावची जुनी देवळं, बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी (जैन मंदिर), एवढा वारसा आपल्या एका जिल्ह्यात आहे, गुप्तधनाच्या नादात एक दगड जरी हलला तरी तो परत बसवता येत नाही. आणि २० फूट खालचं सोनं ओळखून दाखवणारं मशीन नाहीच. नाण्याएवढी वस्तू चांगल्या मशीनलाही फार तर वीत-दीड वीत खोलवर कळते, मोठा हंडा त्याहून खाली कळेल पण तो सोन्याचा की लोखंडाचा हे तिथून सांगता येत नाही. अँटेना फिरवून सोनं दाखवणारा माणूस तुमचे पैसे घेऊन जाणार. त्याला अॅडव्हान्स दिला नसेल तर देऊ नका, दिला असेल तर पोलिसांत जा.

प्रश्न: अथणीकडं काळ्या मातीत शोधतो, विहिरीजवळ गेलं की मशीन नुसतं टकटक करतं. खाली काही असेल का?

उत्तर: मोटर चालू असणार, नाहीतर वरून वायर गेली असेल. जमिनीतला सिग्नल जागेवर राहतो, विजेचा त्रास कॉइल स्थिर धरली तरी वाजत राहतो. मोटर बंद करून परत बघा, जमत नसेल तर मशीनची फ्रिक्वेन्सी बदला, तेही जमलं नाही तर लाइट गेल्यावर जा.