बाँडवरचं घर आणि पावणेदोन लाखांचं किचन

लातूरहून एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय. थोडक्यात असं: वय ३८, खासगी शिक्षणसंस्थेत लिपिक. पत्नी पतसंस्थेत. दोघांचे मिळून हातात ६०,००० येतात. मुलगी सातवीत, भाडं ८,०००. गंजगोलाईच्या मागच्या जुन्या वस्तीत नऊ खणांचं दगडमातीचं, माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर त्यांनी १६ लाखांना ठरवलं. ११ लाख दिले, उरलेले ५ लाख दिवाळीला द्यायचेत, त्यासाठी ६ लाखांची एफडी ठेवली आहे. दसऱ्याला राहायला जायचं आणि सुट्टीसुट्टीने दुरुस्ती दोघांनी स्वतः करायची. खर्चाचा अंदाज ८ लाख. प्रश्न एकच: या ८ लाखांसाठी पर्सनल लोन घ्यावं की घरातलं १२ तोळे सोनं तारण ठेवावं?

विचारलेल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. दोन्हींत सोनेतारण स्वस्त. सरकारी बँकेत ते ९-१० टक्क्यांच्या आसपास मिळतं. पर्सनल लोन तुम्हाला १४ टक्क्यांनी सांगितलंय. ८ लाख, १४ टक्के, पाच वर्षं, हप्ता १८,६००. भाड्याचे वाचणार ८,०००. 'भाडं वाचेल त्यातूनच हप्ता जाईल' असं लिहिलंय तुम्ही. तो निम्मासुद्धा जात नाही. पण हा हिशोब पुढे नेत नाही, कारण आज दोन्ही कर्जं नकोत. या घरावर सध्या चुन्याच्या एका पिशवीचाही खर्च करू नका.

तुमच्या पत्रात कंसात एक वाक्य आहे: '(बँकेने घरदुरुस्ती कर्जाला कागद अपुरे म्हणून नकार दिला, त्यांचं नेहमीचंच.)' तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. मी तिथेच थांबलो. कोणते कागद अपुरे, हे पुढच्या पानावर तुम्हीच सांगितलंय. व्यवहार ५०० च्या बाँडवर, नोटरीसमोर. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अजून घर विकणाऱ्या काकांच्या वडिलांचं नाव. काकांचा एक भाऊ पुण्यात, दोन बहिणी आपापल्या सासरी, आणि 'कुणाचीच हरकत नाही, काका फार सज्जन आहेत.'

काका सज्जन असतीलच. पण घर त्यांच्या एकट्याचं नाही आणि तुमचं तर अजिबात झालेलं नाही. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात लिहिलेलं आहे, काल-परवा निघालेला नियम नव्हे. सह्या समोर झाल्या, एवढंच नोटरीचा शिक्का सांगतो. मालकी कोणाची याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. करारनामा आणि मुखत्यारपत्राच्या जोरावर घराची मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा बजावलं. करार करून ताबा घेतलेल्याला कायद्यात थोडंफार संरक्षण होतं. २००१ पासून तेही करार नोंदवलेला असेल तरच.

'घरपट्टी आणि लाईटचं मीटर आमच्या नावावर करून घेतलंय' असं तुम्ही मोठ्या समाधानाने लिहिता. महापालिकेला कर हवा असतो, वीज कंपनीला बिल. तो भरणारा मालक आहे की भाडेकरू, याची शहानिशा त्या पावतीने होत नाही.

आता वाटे मोजा. वडील मृत्युपत्र न करता गेले आणि आई हयात नाही असं धरलं, तर दोन भाऊ, दोन बहिणी, चार समान हिस्से. मुलींचा हक्क मुलांइतकाच. घर वडिलोपार्जित निघालं तरी २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्माने हिस्सेदार आहे, आणि २०२० च्या निकालानंतर त्यावर वाद घालायला जागा उरलेली नाही. म्हणजे काका फार तर चौथा हिस्सा विकू शकतात. १६ लाखांच्या घराचा चौथा हिस्सा ४ लाखांचा. तुम्ही त्यासाठी ११ लाख दिलेत, आणि तोही हिस्सा कागदावर तुमच्याकडे आलेला नाही.

आज कुणाची हरकत नाही, कारण आज तिथे गळकं माळवद आहे. तुम्ही ८ लाख घालून नवं छत, नवी फरशी, नवं न्हाणीघर करा आणि मग पुण्याच्या भावाच्या मुलांना घर बघायला बोलवा. 'दुरुस्तीनंतर घर ४० लाखांचं होईल' असं तुम्हीच लिहिता. तसं झालंच तर प्रत्येक बहिणीचा हिस्सा १० लाखांचा होतो, आणि ११ लाख दिलेले तुम्ही पुन्हा त्यांच्या दारात उभे. शिवाय खरेदीखत नसलेल्या घराला ४० लाख मोजणारा गिऱ्हाईक भेटला, तर तो तुमच्याहून भोळा असला पाहिजे.

खरेदीखत का टाळलं, याचं कारण तुम्ही दिलंय: 'लाखभर खर्च वाचला.' तो मोजू. लातूर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के. १६ लाखांवर ९६,०००. नोंदणी फी १ टक्का, १६,०००. एकूण १ लाख १२ हजार. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला भाव जास्त निघाला तर थोडं वाढेल. घर एकट्या पत्नीच्या नावावर घेतलं तर शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे १६,००० तिथेच सुटतात. आता दुसरी बाजू. खरेदीखत झालं की तीच बँक तेच ८ लाख ९ टक्क्यांच्या आसपास देईल. पाच वर्षांसाठी हप्ता १६,६००. पर्सनल लोनपेक्षा महिन्याला २,००० कमी, साठ महिन्यांत १ लाख २० हजार. नोंदणीचा सगळा खर्च नुसत्या व्याजाच्या फरकात निघतो. मुदत दहा वर्षं केली तर हप्ता १०,१०० वर येतो. एकूण व्याज जास्त जाईल, पण ६० हजारांच्या घरात हा हप्ता झेपतो आणि १८,६०० चा झेपत नाही.

हातात एकच गोष्ट चांगली उरली आहे, ती म्हणजे न दिलेले ५ लाख. ते दिवाळीला काकांच्या हातात ठेवायचे नाहीत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, चारही भावंडांच्या सह्या होत असताना, चेकने किंवा डीडीने, ज्याच्या त्याच्या नावावर. काकांनाच एकट्याने विकायचं असेल तर आधी भावाचं आणि बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या; भावंडांत वडिलोपार्जित मिळकतीसाठी त्याचं मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. त्याआधी वारस नोंद करून मिळकत पत्रिकेवर चौघांची नावं चढवा. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी) घ्या आणि पेपरात जाहीर नोटीस द्या. आपल्या भागात आणखी एक बघावं लागतं: निजामाच्या काळातल्या इनामाच्या जागा जुन्या वस्त्यांत अजून निघतात. देवस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश जागा असेल तर विक्रीच अडते, मग काका कितीही सज्जन असोत.

११ लाखांतले ४ लाख तुम्ही रोख दिलेत. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला २०१५ पासून बंदी आहे, आणि जेवढी रोख घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला होतो. हे काकांना शांतपणे सांगा. खरेदीखताला त्यांचा उत्साह वाढायला मदत होईल. बाँडमध्ये ताबा दिल्याचं लिहिलंय, त्यामुळे मुद्रांक शुल्काच्या दृष्टीने तो विक्रीचाच दस्त धरला जाऊ शकतो, आणि बुडालेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड चढतो. जितकं लांबवाल तितकं महाग पडेल.

पैसे कुठून? एफडीतल्या ६ लाखांतून ५ लाख भावंडांना. नोंदणीच्या १ लाख १२ हजारांसाठी उरलेला १ लाख आणि पुढच्या महिन्यात तुम्ही विम्याचा जो हप्ता भरणार आहात तो.

तो हप्ता भरू नका. 'एफडीसारखंच आहे, पैसे दुप्पट होतात' असं बँकेतल्या मॅडमनी सांगितलं आणि तुम्ही वर्षाला १ लाखाची पॉलिसी घेतली. दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २० लाख. बँकेच्या काउंटरवर विमा एफडी म्हणून खपवणाऱ्यांबद्दल मी बोलायला लागलो तर इथली जागा संपेल. दहा वर्षांत थोडे थोडे भरलेले १० लाख विसाव्या वर्षी दुप्पट, याचा वार्षिक दर साडेचार टक्के. साध्या एफडीलाही लाज वाटावी असा. तीन हप्ते गेलेत आणि आज मोडली तर १ लाख ५ हजार मिळतील, असं कंपनीने तुम्हाला सांगितलंय. खरं तेही सांगतो: झालं ते नुकसान सोडून दिलं, हे १ लाख ५ हजार आज नव्याने गुंतवले असं धरलं आणि पुढचे सात हप्ते भरले, तर इथून पुढचा परतावा साडेसहा टक्क्यांच्या आसपास पडतो. म्हणजे अगदी टाकाऊ नाही. पण ज्याला १४ टक्क्यांनी कर्ज काढायची वेळ आलीय त्याने साडेसहा टक्क्यांसाठी वर्षाला लाख भरावा, याला हिशोब म्हणत नाहीत. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज मोडली तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर शेवटी किती. ते बघून ठरवा.

आणि एवढा हप्ता भरून तुमचं विमा संरक्षण १० लाखांचं आहे. त्याऐवजी १ कोटीचा साधा टर्म प्लॅन घ्या. तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, वर्षाला १५-२० हजारांत मिळतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी नाही. तंबाखू असेल तर तसं फॉर्मवर लिहा, नाहीतर क्लेमच्या वेळी पत्नीला ऐकून घ्यावं लागेल.

आता घराकडे येतो, कारण तुमचं अंदाजपत्रक वाचून मला घाम फुटला. मॉड्युलर किचन १ लाख ७५ हजार. बोअर दीड लाख. टाइल्स १ लाख २० हजार. आणि माळवदाची 'गळती बंद करणे' ६० हजार. किल्लारी तुमच्याच जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात तिथे आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं अशाच घरांत दबून गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आतला आणि बाहेरचा थर बांधून धरणारे आडवे दगड नाहीत, आणि वर दरवर्षी पावसाळ्याआधी एकेक थर चढवत नेलेली पांढरी माती. थर वाढतात, तसं तुळयांवरचं आणि भिंतींवरचं ओझं वाढतं. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीतही मराठवाड्यात अशा किती भिंती बसल्या ते तुम्ही पाहिलंच असेल.

म्हणून खरेदीखत झाल्यावर पहिला खर्च स्ट्रक्चरल इंजिनिअरचा, १०-१५ हजार. गवंडी म्हणेल 'माती काढून स्लॅब टाकू.' मातीतल्या दगडी भिंतींवर स्लॅबचं ओझं टाकायला इंजिनिअरने लेखी हो म्हटल्याशिवाय तुम्ही हो म्हणू नका. हलकं लोखंडी छत आणि भिंतींची बांधणी असाच सल्ला बहुतेक मिळेल. नऊ खणांना ते अडीच-तीन लाखांच्या खाली होईल असं मला वाटत नाही. मग वायरिंग, मग न्हाणीघर. किचनला साधा ओटा आणि शहाबादी फरशी चालते. बोअर सगळ्यात शेवटी: मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते २०१६ साल लातूरकराने विसरू नये. दीड लाख खर्चून कोरडी नळी पदरात पडलेले माझ्या ओळखीत बरेच आहेत. घरात आड आहे असं लिहिलंयत; आधी तो उपसून बघा, आणि नव्या छताचं पाणी त्यात सोडायची सोय करा.

स्वतः काम करून मजुरीचे ३ लाख वाचतील, ही अपेक्षा सोडा. गिलावा खरवडणं, चुना लावणं, दारं घासून तेल देणं, देवळ्या आणि फरशी साफ करणं एवढं दोघांनी आनंदाने करा. त्यात ५०-६० हजार वाचतील. माळवदाची माती, तुळया, भिंतीचा दगड आणि वायर याला हात लावायचा नाही. दसऱ्याला राहायला जाणंही रद्द. भाड्याच्या घरात आणखी वर्षभर राहिलात तर ९६,००० जातील. तुम्हाला ते वाया वाटतात, मला वाटत नाहीत. मुलगी त्या माळवदाखाली झोपणार नाही, एवढं त्यातून मिळतं.

सोनं तसंच राहू द्या. ते तारण ठेवायला पत्नीची हरकत आहे की नाही, हे पाच पानांत कुठेच आलेलं नाही. तेही एकदा विचारा.

राहिला प्रश्न भावंडं सही देत नाहीत तर काय, याचा. मग ५ लाख द्यायचे नाहीत, आणि दिवाणी वकिलामार्फत काकांना नोटीस देऊन ११ लाख परत मागायचे. बाँड फेकू नका. तो मालकी देत नसला तरी करार झाला होता याचा पुरावा म्हणून कोर्टात उपयोगी पडू शकतो. बँकेचे उतारे आणि रोख दिल्याचं काकांनी मोबाइलवर कबूल केलेले मेसेज आजच जपून ठेवा. बाँडमध्ये खरेदीखताची मुदत 'दिवाळीपर्यंत' लिहिलीय. दावा लावायला त्या तारखेपासून तीन वर्षं मिळतात. नोटीस मात्र दिवाळी उलटली की त्याच महिन्यात जाऊ द्या.