अंडरबॅलन्स्ड ड्रिलिंग : ‘असंतुलित’ का नको?

प्रश्न खानापूरच्या एका वाचकाचा आहे. दिवाळी अंकासाठी तेलविहिरींवरचा एक लेख ते मराठीत आणताहेत. ‘अंडरबॅलन्स्ड ड्रिलिंग’ला त्यांनी ‘असंतुलित खोदकाम’ लिहिले आणि संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढून मजकूर परत पाठवला. यात खटकण्यासारखे काय, आणि याहून बरा शब्द कोणता, असे ते विचारतात.

हरकत दोन्ही शब्दांना आहे. सोपी आधी उरकतो. आपल्याकडे विहीर खोदतात, बोअर मारतात. खोदायला माणूस आत उतरतो, कुदळ-फावडे लागते. वीतभर रुंदीचे भोक पाडत खडकात शेकडो मीटर उतरायचे त्याला मराठीत ‘विंधणे’ हे क्रियापद आहे. महाराष्ट्र शासनाची ‘विंधन विहीर’ त्यावरूनच आली. सीमेच्या अलीकडे, म्हणजे कर्नाटकात, सरकारी कागदावर तीच ‘कोळवे बावी’ होते, म्हणजे नळीची विहीर, आणि कन्नडमध्ये ती कोरून घ्यायची असते. ते ‘कोरे’ आणि आपले ‘कोरणे’ कानाला एकाच घरातले वाटतात, पण कोरण्यात आपल्याला आधी नक्षी दिसते. तेव्हा ड्रिलिंगला ‘विंधन’ घ्यावे.

आता ‘असंतुलित’. इथे तोल कशाचा? एका पारड्यात खडकाच्या छिद्रांत कोंडलेल्या तेल, वायू आणि पाण्याचा दाब. दुसऱ्यात विंधताना भोकात खेळवलेल्या द्रवाचा दाब. या द्रवाला रिगवरचे, म्हणजे विंधनाच्या यंत्रावरचे, लोक ‘मड’ म्हणतात. तो बहुधा पाण्यात बेंटोनाइटची माती कालवून केलेला असतो, आणि वजन वाढवायला त्यात बराइट या जड खनिजाची पूड घालतात. (आपल्या भागात चिखलाला ‘राडा’ म्हणतात, इथल्या कन्नडात ‘राडी’. तो मोह मात्र टाळा, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकाला ‘राडा’ म्हटले की मारामारी दिसेल.) नेहमीच्या पद्धतीत मडचे पारडे मुद्दाम थोडे जड ठेवतात, म्हणजे खडकातले काही भोकात शिरत नाही. ते ओव्हरबॅलन्स्ड. अंडरबॅलन्स्डमध्ये हेच पारडे मुद्दाम हलके ठेवतात. विंधन चालू असतानाच तेल-वायू आत येतो, आणि वर त्याला वेगळे करायची सोय आधीच मांडून ठेवलेली असते.

‘मुद्दाम’ हा शब्द मी दोनदा लिहिला, कारण सगळी गोम तिथे आहे. ‘असंतुलित’ म्हटले की मराठी माणसाला काहीतरी बिघडलेले दिसते. असंतुलित आहार, मनाचे संतुलन ढळणे, प्रादेशिक असमतोल, यांपैकी काहीच कोणी ठरवून करत नाही. आणि तोल तर ओव्हरबॅलन्स्डमध्येही साधलेला नसतो. तिथेही एक पारडे खालीच असते. म्हणजे ‘असंतुलित’ हा शब्द दोन्ही पद्धतींना सारखाच लागू पडतो. त्याने फरक काय दाखवला?

मग सरळ ‘कमी दाबाचे विंधन’ का नको? हा पर्याय मला बराच वेळ पटत होता. सोपा आहे, बोलीतल्या ‘कमती’शीही जुळतो. पण आकडे मांडून पाहिले की तो डळमळतो. पाण्याचा दर दहा मीटर उंचीचा स्तंभ चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब देतो. अडीच हजार मीटर खोल भोक साध्या पाण्याने भरले, तर तळाशी सुमारे २५० किलो झाले. समजा तिथल्या खडकात २७० किलोचा दाब आहे. मग पाणी उणे पडते आणि हे विंधन अंडरबॅलन्स्ड ठरते. पाण्याऐवजी सव्वापट नव्हे, १.१५ पट जड मड घातला, तरी दाब २८७ च्या पुढे जातो आणि तेच विंधन ओव्हरबॅलन्स्ड होते. आता शेजारचा दुसरा खडक घ्या, वर्षानुवर्षे तेल उपसून दाब २०० वर आलेला. तिथे तेच २५० किलोचे पाणी ओव्हरबॅलन्स्ड! तिथे पारडे हलके करायचे तर द्रवात नायट्रोजन मिसळावा लागतो किंवा फेस वापरावा लागतो. हवाही चालते, पण तेल-वायू आत येत असेल तर हवेने भोकातच आग लागण्याचा धोका असतो, म्हणून तिथे नायट्रोजन.

चौरस सेंटिमीटरला अडीचशे किलो याला ‘कमी दाब’ म्हणायला जीभ वळत नाही. शिवाय ‘कमी दाब’ म्हटले की आपल्याला बंगालचा उपसागर आठवतो. शब्द असा हवा की ऐकणाऱ्याने लगेच विचारावे, कशापेक्षा कमी?

संस्कृतातला ‘ऊन’ नेमका तसा आहे. एकोणीस म्हणजे एक-ऊन-वीस, विसापेक्षा एकाने कमी. पण ‘ऊनदाब’ लिहिले तर वाचक उन्हात जाऊन उभा राहील. ‘उणा दाब’ म्हणावे तर गणितातले उणे आडवे येते आणि पोकळीचा भास होतो. त्याच घरातला ‘न्यून’ मात्र निर्वेध आहे. ‘न्यूनाधिक’ ही जोडी मराठीत रुळलेलीच आहे, तिचे दोन तुकडे केले की काम झाले : ओव्हरबॅलन्स्ड ते ‘अधिकदाब विंधन’, अंडरबॅलन्स्ड ते ‘न्यूनदाब विंधन’. दोन्ही दाब जवळजवळ सारखे ठेवायचे असतील तर ‘समदाब’. न्यूनगंडामुळे ‘न्यून’ला थोडा उदास वास येतो हे मान्य, पण तेवढे चालवून घ्यावे.

आपल्या भागात तेल नाही. पायाखाली दख्खनचा बेसाल्ट नाहीतर कलादगीचे जुने वालुकाश्म आणि चुनखडक. तरी हे तंत्र समजायला अथणी-चिकोडीच्या शेतकऱ्याला अडचण पडू नये, कारण त्याच्या रानात बोअरची गाडी येते तेव्हा न्यूनदाब विंधनच चालते. काँप्रेसरची हवा दगड फोडणारा हॅमर चालवते आणि तीच हवा दगडाचा भुगा वर फेकते. भोकात मड नाही, म्हणजे पाण्याच्या झऱ्याला अडवणारे काही नाही. पाणी लागले की ते गाडी चालू असतानाच उसळून वर येते, आणि कोणत्या खोलीवर किती आले ते तिथेच कळते. मडने भोक दाबून ठेवले असते तर बारीक झरे त्या मातीनेच लिंपले गेले असते. तेलाच्या खडकाचे नेमके असेच होते. मड छिद्रांत शिरतो आणि पुढे तेल यायची वाट अरुंद करतो. न्यूनदाब पद्धतीचा मोठा फायदा हा. वेगही बराच वाढतो, आणि दाबाच्या फरकाने पाइप भोकाच्या भिंतीला चिकटून बसण्याचे संकट टळते. मर्यादाही बोअरवाल्यांना ठाऊक असतात : कातळात हवेने भागते, पण भुसभुशीत मातीत आधाराशिवाय भोक ढासळते, म्हणून वरच्या भागाला केसिंग, म्हणजे भिंतीला आधार देणारी नळी. तेलविहिरीत ठिसूळ शेल (पापुद्र्यांचा गाळखडक) लागला की हीच अडचण येते.

फरक एवढाच की पाणी उसळले तर माणसे भिजतात, वायू उसळला तर जळतात. म्हणून न्यूनदाब विंधनात भोकाच्या तोंडाशी फिरत्या पाइपभोवती घट्ट बसणारे झाकण असते, परतीचा प्रवाह आवळायला चोक असतो, मग तेल आणि वायू वेगळे करणारा विभाजक आणि वायू जाळायची ज्योत. यातले काही नसताना पारडे हलके झाले, तर तो अपघात. आसामात तिनसुकिया जिल्ह्यातल्या बागजान इथे २७ मे २०२० रोजी एका विहिरीतून वायू अनावर बाहेर पडू लागला आणि ९ जूनला आग भडकली. तिथे नवे विंधन चालले नव्हते, उत्पादक विहिरीवर फेरकाम, म्हणजे दुरुस्तीचे काम, चालू होते. अशा प्रसंगाला ‘विहिरीचा तोल गेला’ म्हणा, ‘असंतुलित’ही म्हणा, शोभेल. खडकातला द्रव न बोलावता भोकात शिरतो त्या ‘किक’ला ‘उसळी’ हा शब्द मला आवडतो.

तुमच्या लेखात पहिल्या उल्लेखाला असे लिहून पाहा : ‘खडकातल्या दाबापेक्षा भोकातला दाब मुद्दाम कमी ठेवून केलेले विंधन, म्हणजे न्यूनदाब विंधन. तेलक्षेत्रात याला अंडरबॅलन्स्ड ड्रिलिंग म्हणतात.’ पुढे नुसते ‘न्यूनदाब’ पुरेल. मड, रिग, चोक, केसिंग यांना हात लावू नका. आपल्याकडच्या बोअरच्या गाडीवरसुद्धा केसिंगला कोणी ‘आवरणनलिका’ म्हणत नाही.