ट्रायम्फ स्पिटफायर गाडीचं इंजिन परत बसवताना गिअरबॉक्स जोडूनच उतरवावं लागतं का, की एकटं इंजिन बसवलं तरी चालतं?

एकटं चालतं. उत्तर खरं तर इथेच संपलं, पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय ना, "मेकॅनिक म्हणतो थोडं अडकलं तर बोल्ट कसून ओढून घेऊ", ते वाचून डोकं फिरलं म्हणून टाईप करत बसलोय.

माझ्याकडे स्पिटफायर नाही, तिची गरीब बहीण आहे, स्टँडर्ड हेराल्ड, ९४८ सीसी, १९६१ पासून मद्रासला बनायची ती. स्पिटफायर हेराल्डचीच चेसिस आखूड करून काढली, इंजिनही त्याच घराण्यातलं, त्यामुळे तुमचं दुखणं मला कळतं. दारव्ह्याजवळ आमचं गाव. आजोबांनी एका वर्षी कापसाच्या पैशात सेकंडहँड घेतली आणि पुढे वीस वर्षं ती गोठ्यात ढेपेच्या पोत्यांशेजारी उभी. इंजिन काढलं तेव्हा बेलहाउसिंगमधून (क्लच झाकणारं गिअरबॉक्सचं पुढचं कवच) उंदराचं अख्खं घरटं निघालं, कापूस, सरकी, मूठभर नाही राजेहो, टोपलंभर.

इंजिनच्या सिलिंडरचं बोअरचं काम यवतमाळला करून आणलं. बसवायला क्रेन कुठली, विहिरीतली मोटर काढायची घोडी आणि चेन पुली मागून आणली. या गाड्यांचं एक बरं, बोनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, मग इंजिन पुढून आणि दोन्ही बाजूंनी मोकळं. गिअरबॉक्स आम्ही गाडीतच ठेवला होता (आतून टनेलचं, म्हणजे दोन सीटांमधल्या उंचवट्याचं, कव्हर काढलं की तो वेगळा निघतो, तुमचाही निघेल). इंजिन लटकवून मागे सरकवलं तर बोटभर फट राहिली. हलवलं, झुलवलं, फट तेवढीच.

माझा काका, सख्खा, ट्रॅक्टरचे क्लच बदलून हात बसलेला, म्हणे, "बोल्ट लाव नं बे, आपोआप येते." मी म्हटलं काका थांब, गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये शिरलाच नाही. "पुण्यात शिकला म्हून मले शिकवतं का?" वरचे दोन बोल्ट कसले, फट कमी होत गेली, जमलेले सगळे खुश, आणि मग टक्. एवढाच आवाज. बेलहाउसिंगचा अ‍ॅल्युमिनियमचा कान, म्हणजे बोल्ट बसतो तो कडेचा भाग, तुटून चेसिसवर पडला. काकू चहा घेऊन येत होती, ती ट्रेसकट तशीच मागे फिरली.

बोल्ट धरून ठेवायला असतात, ओढायला नाही. इंजिन पाना न लावता, नुसत्या हातानं मागे टेकलं पाहिजे. नाही टेकलं तर गिअर टाका, एकानं पुढून क्रँकची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली पान्यानं जराजरा फिरवायची, दुसऱ्यानं इंजिन हलकं दाबून धरायचं, शाफ्टचे आणि प्लेटचे दाते जुळले की ते स्वतःच आत जातं. गिअरबॉक्सखाली जॅक लावून दोन्ही एका रेषेत आणा आणि इंजिनचं वजन शाफ्टवर एक मिनिटही टांगू नका, नवी क्लच प्लेट तिथेच वाकते. प्लेट बरोबर मधोमध बसवायला (सेंटर करायला) डमी शाफ्ट, म्हणजे खऱ्या शाफ्टच्या मापाचा नुसता दांडा, घ्या, आम्ही नंतर सुताराकडून सागाचा करून घेतला, झकास चालला.

आणि थ्रस्ट वॉशर, क्रँकला मागेपुढे सरकू न देणाऱ्या त्या पातळ चकत्या! या इंजिनांची जुनी खोड आहे, झिजून खाली संपमध्ये (ऑइलच्या तळभांड्यात) पडतात आणि मग क्रँक ब्लॉकलाच खातो. खोबणीची बाजू क्रँककडे. इंजिन बाहेर असतानाच क्रँक मागेपुढे किती हलतो ते मोजून घ्या. चालू गाडीत क्लच दाबला की पुढची पुली डोळ्याला दिसेल इतकी सरकत असेल तर समजा उशीर झाला.

कान वेल्डिंग करून यायला दोन महिने गेले. काका अजून प्रत्येक लग्नात सांगतो की पोरानं उलटंसुलटं बसवलं म्हणून तुटला. आता खरं सांगतो, क्लच प्लेट मी डोळ्याच्या अंदाजानंच सेंटर केली होती, घाई होती. म्हणजे फट माझ्यामुळे राहिली असेल, मान्य. कान पान्यानं तुटला आणि पाना कोणाच्या हातात होता ते सगळ्या गावानं पाहिलंय.

हां, तुमच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सच्या मागे जोडलेला जादा वेगाचा गिअर) असेल तर गिअरबॉक्स लांब आणि जड होतो, तेव्हा तो आतून उचलायला दोन माणसं जास्त ठेवा.

काका हे वाचत नाही, पण चुलतभाऊ वाचतो. त्याले वाचून दाखव बे.