गिझर घेण्याआधी वायरिंग पाहा

भाऊ, दुकानात जायच्या आधी घरची वायरिंग तपासून घ्या. १५ लिटरचा स्टोरेज गिझर साधारण सहा ते दहा हजारांत येतो, पण आपल्याकडच्या जुन्या घरांत खरा खर्च भिंतीच्या आत असतो. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर करंट ओढतो. त्याला १६ अँपिअरचा पॉइंट, ४ चौरस मिलिमीटरची वेगळी तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) द्या. पंख्याच्या लाइनवरून जोडून देतो म्हणणाऱ्या वायरमनला चहा पाजून वाटेला लावा.

अर्थिंगवर पैसे वाचवू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतंच उरतं. त्यात अधूनमधून पाणी टाका. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच, तर बसवाच.

व्होल्टेज २३० ऐवजी १८० आलं, तर २००० वॅटचे सव्वाबाराशेच उरतात. गिझर बिघडलेला नसतो, पाणी उशिरा तापतं एवढंच. उगाच मेकॅनिक बोलावू नका.

टाकी गिझरपेक्षा उंच हवी. बोअरचं पाणी जड असेल तर कॉइलवर क्षार चढतात, वर्षातून एकदा साफ करून घ्या. स्वस्त पडतो म्हणून गॅस गिझर बंद न्हाणीघरात लावायचा विचारही नको. गॅस जळताना तिथे साचणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बिलाचं म्हणाल, तर १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला पाऊण युनिटच्या आसपास लागतं. आणि जुना बंब एवढ्यात मोडीत देऊ नका, पहाटे लाइन गेली की तोच कामी येतो.