ऑपरेटर की मेंटेनन्स?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. इथे गोव्यातच, वेर्ण्याच्या कारखान्यात रोबोच्या लाइनवर ऑपरेटरची नोकरी, नाहीतर मेंटेनन्समध्ये निम्म्या पैशांवर अ‍ॅप्रेंटिसशिप. वहिनी म्हणतात नोकरी घे. मी उलटं सांगणार आहे.

'रोबो सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार' असं तू लिहिलंयस. युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबो १९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या एका मोटार कारखान्यात बसला. आज जगभरच्या कारखान्यांत चाळीस लाखांहून जास्त आहेत. २०२३ या एका वर्षात चीनने पावणेतीन लाखांवर बसवले, भारताने साडेआठ हजार. म्हणजे आपल्याकडे अजून नीट सुरुवातच व्हायचीय. आणि डिचोलीच्या पोराला मी काय सांगू? २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि तुझ्या बाबांचा ट्रक दारात उभा राहिला, तेव्हा कुठे रोबो होता? पण यंत्र आल्यावर आधी कुणाची जाते, ते मी जवळून बघितलंय.

आमच्या पॅकिंग लाइनच्या शेवटी औषधांचे बॉक्स पॅलेटवर रचायला रोबो आला. पूर्वी ते काम ठेकेदाराची माणसं करायची. त्यांतल्या कुणालाही 'काढलं' नाही. ठेका संपला, पुढचा कमी माणसांचा निघाला. पर्मनंटच्या यादीतलं एकही नाव गळलं नाही, म्हणून साहेबांनी मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं की रोबोमुळे एकही नोकरी गेली नाही. कागदावर ते खरंच होतं!

मग जून उजाडला. पावसात पुठ्ठा ओल धरतो, मऊ पडतो, मग हवा ओढून बॉक्स धरणाऱ्या व्हॅक्यूम कपाची पकड सुटते. बॉक्स अर्ध्यातच पडायचा, लाइन थांबायची. ऑपरेटर पोरगा रीसेट दाबायचा, दोन मिनिटांनी पुन्हा फॉल्ट. त्या बिचाऱ्याला शिकवलंच तेवढं होतं. शेवटी मेंटेनन्सचा फिटर आला. त्याने कपाची कड बोटाने चाचपली, ती धड होती. बॉक्सची बाजू अंगठ्याने दाबून पाहिली आणि काही न बोलता तो गोदामाकडे चालू लागला. पुठ्ठ्याचे गठ्ठे शटरला लागून रचलेले, खाली पाण्याची झड. गठ्ठे आत हलवले, उचलायचा वेग थोडा उतरवला, लाइन सुरू झाली. रीसेट दाबायला उद्या माणूस लागणार नाही. गोदामाकडे जायला मात्र माणूस अजून बरीच वर्षं लागेल.

मिरामारच्या किनाऱ्यावर २०२३ मध्ये ऑरस नावाचा रोबो आणला, पोहायला धोक्याच्या भागात गस्त घालायला, लोकांना सावध करायला. बुडणाऱ्याला काढायला जीवरक्षकच उडी मारतो.

एका बाबतीत मात्र माझं मुकाट्याने ऐकायचं. रोबोच्या कुंपणाच्या आत जायचं तर आधी सप्लाय बंद, त्याला आपलं कुलूप, चावी आपल्या खिशात. सुपरवायझर घाई करत असला तरी. १९७९ मध्ये मिशिगनमध्ये रॉबर्ट विल्यम्स नावाचा पंचवीस वर्षांचा कामगार रॅकवरचे सुटे भाग काढायला वर चढला आणि यंत्राच्या हाताने डोक्याला धडक देऊन त्याला ठार केलं. थांबलेला रोबो बंदच असतो असं नाही, कधीकधी तो फक्त पुढच्या सिग्नलची वाट बघत असतो.

तेव्हा अ‍ॅप्रेंटिसशिप घे. सुरुवातीला पुसापुशी आणि ग्रीसिंगच करायला लावतील, कर. पीएलसीच्या, म्हणजे यंत्राला हुकूम देणाऱ्या कंट्रोलरच्या, मागे लगेच धावू नकोस. आधी वायरिंग, सेन्सर, हवेच्या लाइनी, आणि यंत्राचं ड्रॉइंग वाचणं. ड्रॉइंग वाचता येणारी पोरं आजकाल शोधावी लागतात.

पगाराचं वहिनींशी मी बोलतो. तू रविवारी अ‍ॅप्रेंटिसशिपचे कागद घेऊन ये. त्यात बॉण्ड, म्हणजे अमुक वर्षं सोडून जायचं नाही अशी अट, घातलाय का, ते सही करण्याआधी बघायला हवं.

तुझा,
काका